फुली

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून मोकळा होतो.

बाहेर ऊन मरणाचं, म्हणून कूलरसमोर बसून पोरीसोबत 'फर्नगली' बघितला. जुनाच, १९९२ चा कार्टून पिक्चर. ऑस्ट्रेलियातलं जंगल, तिथली परी क्रिस्टा आणि झाडं तोडणाऱ्यांच्या टोळीतला झॅक. त्याचं काम एवढंच, पाडायच्या झाडांवर स्प्रेनं लाल फुली मारायची. परी त्याला बोटाएवढा करून टाकते, तेव्हा साहेबांना जंगल दिसतं. पोरगी मुसमुसून रडली. तर आमचे मेहुणे शेंगा फोडत म्हणतात, "कार्टून बघून रडायलीस काय येडे!"

अरे, रडू दे की तिला! तुम्हीच ना दुपारी सोलापुरात सात रस्त्याला गाडी लावायला सावली हुडकत फिरता? आणि घरी आलं की झाड म्हणजे कचरा.

आमच्या बिल्डिंगच्या गेटजवळ लिंब होता. पाडव्याला अख्खी गल्ली डहाळी न्यायला यायची. जेठात खाली लिंबोळ्यांचा चिकट सडा, चप्पल उचलली की चर्रर्र आवाज. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बुंध्यावर लाल ऑइलपेंटची फुली आली. परवानगी वगैरे सगळं रीतसर हो, १९७५ चा झाडांचा कायदा आहे, कागद लागतो, तो होता. सकाळी कटर सुरू झाला, जेवायच्या वेळेपर्यंत टेम्पो भरून वखारीला. कडू वास मात्र दोन दिवस जिन्यात होता.

मेहुणे हुशार. म्हणाले, सगळीकडं झाडंच पाहिजेत असं कुठंय? नान्नजच्या अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याला उघडा गवताळ माळच लागतो. बरं, मान्य. पण आमच्या पार्किंगमध्ये माळढोक अंडी घालणार होता का?

आणि पिक्चरवर माझाही एक राग आहे. त्यात तो हेक्सस, काळा तेलकट राक्षस, झाडात कोंडलेला. ते झाड पाडलं की सुटतो आणि धूर पिऊन फुगतो. सोपं आहे. सगळं त्याच्या नावावर टाकायचं आणि टीव्ही बंद करायचा. लिंबाच्या वेळी आमच्याकडं कुणी राक्षस आला नव्हता. अर्ज आला होता, दारोदार, पेनासकट. पाल्यानं गच्चीचे पाइप तुंबतात, गाड्या खराब होतात. सतरा सह्या.

नववी माझी.

नवी गाडी होती तेव्हा. पांढरी. आता तिच्यावर हात ठेवला तर भाकरी भाजेल, इतकी तापते. मेहुण्यांवर ओरडलो खरा, पण ते बिचारे बार्शीला राहतात, त्यांची सही नव्हती त्यात.

पिक्चर संपल्यावर पोरीनं नाक पुसत विचारलं, "पप्पा, आपल्या लिंबावर फुली कुणी मारली होती?"

"पेंटरनं," म्हणालो आणि कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.