मक्याच्या कणसातली बुरशी केवळ काढणीच्या पावसाने येते का?

"मक्याच्या कणसात बुरशी येते ती काढणीच्या पावसामुळे, परागीभवन लांबले तर दाणे कमी भरतात एवढेच, रोगाशी त्याचा संबंध नाही, म्हणून बुरशीनाशक दाणे भरल्यावरच फवारावे," असा सल्ला सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातला पावसाचा भाग अर्धाच खरा आहे.

काढणीच्या वेळचा ओलावा कणसाची कुज वाढवतो हे मान्य. परंतु बुरशी बहुधा त्याच्या कितीतरी आधी आत शिरलेली असते. फ्युझेरियम ग्रॅमिनिअरम ही कणीस कुजवणारी बुरशी मुख्यतः कणसाच्या केसांवाटे दाण्यापर्यंत उतरते, आणि केस बाहेर पडल्यानंतरचा पहिला आठवडा तिला सर्वाधिक अनुकूल असतो.

परागीभवनाचा रोगाशी संबंध नाही, हा दुसरा मुद्दा सर्वांत घातक आहे. परागनलिका, म्हणजे परागकणातून फुटणारी नळी, केसातून बीजांडापर्यंत (ज्याचा पुढे दाणा होतो) साधारण एका दिवसात पोहोचते आणि फलन झाल्यावर दोन-तीन दिवसांत केसाच्या बुडाशी पेशींचा एक थर आकसून केस दाण्यापासून सुटतो. केसातून खाली सरकणाऱ्या बुरशीची वाट तिथेच तुटते. पराग न मिळालेला केस मात्र ताजा, ओलसर राहून वाढतच जातो, म्हणजे ती वाट दिवसेंदिवस उघडी राहते. काणी रोगाच्या बुरशीलाही असेच केस सापडतात. पाण्याचा ताण पडला की तुरा वेळेवर येतो पण केस मागे पडतात, परागकण झडून संपतात आणि केस वाट पाहत राहतात. तेव्हा विरळ भरलेले कणीस आणि कुजलेले कणीस यांचे मूळ पुष्कळदा एकच असते.

अर्थात वेळेवर झालेले परागीभवन म्हणजे सर्व बुरशींपासून संरक्षण, असेही कोणी समजू नये. अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस सुकत चाललेल्या, तपकिरी केसांवर उत्तम वाढते आणि उष्णता व अवर्षण तिच्या पथ्यावर पडते; शिवाय अळीने पोखरलेल्या दाण्यातून शिरणाऱ्या बुरशीला केसांची गरजच नसते.

फवारणीच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात: दाणे भरेपर्यंत थांबल्यास औषध कणसावरच्या पानांखाली पोहोचत नाही आणि संसर्गाचा काळही उलटून गेलेला असतो, त्यामुळे ट्रायझोल या बुरशीनाशक गटातील औषधाची वेळ केस निघण्याच्या सुमारासच येते. परागीभवन कुठवर आले हे पाहायचे असेल, तर काही कणसांची पाने अलगद सोलून कणसे हलवावीत; फलित दाण्यांचे केस गळून पडतात, आणि जे चिकटून राहतात त्यांच्या बुडाची वाट अजून उघडी असते.