अंधाराचा फायदा घेत

"अंधाराचा फायदा घेत दोन अज्ञात चोरट्यांनी महिलेच्या गळ्यातील मंगळसूत्र हिसकावून पोबारा केला." चार ओळींची बातमी, आतल्या पानावर तळाशी. तिच्या डोक्यावर अर्धं पान भरून कुणा 'युवकांच्या आशास्थानाचा' वाढदिवस, आणि त्यात छत्तीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो.

त्या चार ओळी मी दहा वेळा वाचल्या असतील, आणि दर वेळी पहिल्या दोन शब्दांवर डोकं सटकलं. चोरट्यांनी अंधाराचा फायदा घेतला, मान्य. पण अंधार काय ते मोटारसायकलच्या डिकीत घालून घेऊन आले होते? तो तिथे गेले चार महिने आहे. अकरा खांब आहेत त्या रस्त्याला, त्यातले नऊ बंद. हे मी तीन वेळा लेखी दिलंय. ती बातमी का नाही? मंगळसूत्र गेलं तेव्हाच अंधार दिसला का तुम्हाला?

आता पहिल्यापासून सांगते, नाहीतर नुसतीच चिडचिड होईल. (तशीही होणारच आहे.)

मी संध्याकाळी साडेसात ते नऊ साक्षरता वर्ग घेते. 'उल्लास' नावाचा केंद्राचा कार्यक्रम आहे, 15 वर्षांच्या पुढच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, मानधन शून्य. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मला कुणी बळजबरी केलेली नाही. दिवसभर माझं झेरॉक्सचं दुकान असतं. तिथे बायका यायच्या, फॉर्म पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "ताई, एवढं भरून द्या की." लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वेळी तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मोबाईल माझ्या हातात द्यायच्या आणि "आलाय का बघा ओटीपी" म्हणायच्या. ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो हे मी त्यांना सांगायची आणि त्यांचाच ओटीपी मोठ्याने वाचून दाखवायची. शेवटी एक जण म्हणाली, "आम्हालाच शिकवा की वाचायला, कटकट मिटंल." वर्ग सुरू झाला तो असा. आठ जणी आहेत. सगळ्यात थोरली पासष्टच्या पुढची, तिला आम्ही आक्का म्हणतो. ती मला बाई म्हणते, मी निम्म्या वयाची असून.

मार्चमध्ये त्यांची परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 असे 150 गुण. त्या दिवशी मात्र आमच्या शहरातली अख्खी पत्रकारिता शाळेच्या दारात उभी! लोगो लावलेले माईक, गुलाबाची फुलं, कुणीतरी आणलेला फेटा. "नातवासोबत आजीही शाळेत" वगैरे मथळे तयारच होते. आक्काला तीन वेळा दारातून आत यायला लावलं, पहिल्या दोन वेळा ती हसली नाही म्हणून. यूट्यूब चॅनलचा एक पोरगा मला विचारतो, "मॅडम, एखादी रडेल का आनंदानं?" मी म्हटलं, पेपर अवघड असला तर रडतील.

परीक्षा झाली, फोटो झाले, लोक गेले. वर्ग आम्ही चालूच ठेवला, कारण आता त्यांना बँकेचं पासबुक वाचायचं होतं, एसटीची पाटी वाचायची होती, लाइटबिलातला आकडा कळायला हवा होता. आणि तेव्हाच, मार्चच्या सुमारास, ओढ्याकडच्या रस्त्यावरचे दिवे एकेक करून जायला लागले.

शाळेपासून वस्तीपर्यंत दहा मिनिटांची वाट. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेल्या गिरणीची भिंत. भिंतीला लागून कुत्री. मध्येच गटाराचं एक झाकण गायब, तिथे कुणीतरी बाभळीची फांदी खोचलीय. तिथून सात-आठ बायका रात्री नऊला एका मोबाईलच्या बॅटरीवर चालत जातात. पावसाळा सुरू झाल्यापासून तर बॅटरीचा उजेड डबक्यावर पडून डोळ्यातच येतो.

मी चौकशी केली. खांब वीज कंपनीचा, दिवा नगरपरिषदेचा, दुरुस्ती ठेकेदाराची. वीजवाले म्हणतात, "आमची फेज चालू आहे." नगरपरिषदेत म्हणतात, "ठेकेदाराला कळवलंय." ठेकेदाराचा माणूस म्हणतो, "शिडीची गाडी एकच आहे मॅडम, ती दुसऱ्या गावाला गेलीय." मग परत वीजवाल्यांकडे. हे एवढं फिरण्यापेक्षा मी स्वतः खांबावर चढून आले असते.

आणि शहरात उजेड नाही असंही नाही बरं का! चौकात 'आय लव्ह' अमुक अमुक असा सेल्फी पॉइंट आहे ना, प्रत्येक गावात असतो तसा, त्यातली लाल बदामाची एलईडी रात्रभर ढणाढणा जळते. शेजारी हायमास्ट. तो मी भर दुपारी बारा वाजता चालू असलेला बघितलाय, फोटो आहे माझ्याकडे. म्हणजे वीज आहे, दिवे आहेत, आणि गावावर प्रेमही दिसतंय भरपूर. फक्त ओढ्याकडे वळलं की सगळं संपतं.

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 मध्ये कलम 49 आहे. नगरपरिषदेने काय काय करायलाच हवं याची यादी त्यात दिलीय. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं त्या बंधनकारक कामांत येतं. मेहेरबानी नाही ती. घरपट्टीत एक दिवस उशीर झाला की दंड लावता, आणि दिवा चार महिने उशिरा लागला तर? आधी म्हणायचे, प्रशासक आहे, नगरसेवक नाहीत, कुणाला सांगणार. अहो, गेल्या वर्षी 2 डिसेंबरला मतदान झालं ना! नगरसेवक आले, फटाके वाजले, गुलाल उधळला. प्रचाराला याच रस्त्यावरून गेले होते सगळे, रिक्षाला फोकस लावून. आता फोन लावला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

त्या रात्रीचं सांगते. नऊ वाजून गेले होते. मी शाळेला कुलूप लावत होते, पाच जणी पुढे गेल्या होत्या. मागून मोटारसायकल आली, हेडलाइट बंद. मागे बसलेल्याने एकीच्या गळ्याला हात घातला. ती पडली, कोपर फुटलं, मानेवर काळ्या मण्यांचा वळ उठला, आणि मणी रस्त्यावर सांडले. त्या अंधारात बाकीच्या चौघी गुडघ्यावर बसून मोबाईलच्या उजेडात चिखलातून मणी वेचत होत्या. मी धावत पोचले तेव्हा हे दृश्य. ती रडत नव्हती. "वाट्या गेल्या, वाट्या गेल्या" एवढंच म्हणत होती.

112 ला फोन केला. पोलिसांवर माझा राग कमी आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. गाडी पंधरा-वीस मिनिटांत आली, हवालदार नीट बोलले, तिला आधी दवाखान्यात नेलं. झपटमारीला आता भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, 304, त्याखाली गुन्हा दाखल झाला. फिर्यादीवर तिने स्वतः सही केली, अंगठा नाही. किंमत मात्र पंधरा हजार लिहिली. अर्ध्या तोळ्याची! सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, पण फिर्यादीत अजून तिच्या लग्नातलाच भाव.

पण दुसऱ्या दिवशी एक साहेब जे बोलले, त्याने मात्र माझं डोकं फिरलं. "मॅडम, रात्रीचा वर्ग कशाला घेता? दुपारी घ्या ना." किती सोपं! दुपारी त्या काय झोपाळ्यावर बसलेल्या असतात? तिघी दुसऱ्यांची धुणीभांडी करतात, दोघी रोजंदारीवर भांगलणीला जातात, एक कांद्याच्या वखारीत निवडणीला असते. रात्री भाकरी थापून, पोरांना वाढून, मग त्या पाटी घेऊन येतात. दिव्याचा उपाय दिवा लावणं हा आहे. बायांनी घरात बसणं हा कुठला उपाय? शिवाय पेपरात शेवटी ठरलेली ओळ होतीच: महिलांनी अंगावर दागिने घालून एकट्याने फिरू नये, असे आवाहन करण्यात आले आहे. ती एकटी नव्हती, पाच जणी होत्या. आणि दागिने म्हणजे काय तर मंगळसूत्र. ते पण घरी ठेवून यायचं?

मी त्या बातमीदाराला फोन केला. ओळखीचा आहे, माझ्याच दुकानातून झेरॉक्स नेतो. म्हटलं, बाबा रे, नऊ खांब बंद आहेत, अर्जाच्या पोच आहेत, फोटो आहेत, तेवढं छाप. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बाइट द्या, पण नगरपरिषदेचं नाव नको घ्यायला. दिवाळीच्या जाहिराती असतात." निदान खरं तरी बोलला. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर ॲडमिनने अर्ध्या तासात डिलीट केलं, कारण 'राजकीय पोस्ट'. त्याच ग्रुपवर सकाळपासून अकरा जणांना 'भावी नगराध्यक्ष' म्हणून शुभेच्छा चालू होत्या, ते अराजकीय.

मग चौथा अर्ज. तो मी लिहायचा नाही असं बायकांनीच ठरवलं. आक्का म्हणाली, "बाई, तुमच्या अक्षरातलं त्यांनी तीनदा वाचलं न्हाई. आता आमच्यातलं वाचत्यात का बघू." दोन संध्याकाळी गेल्या त्या अर्जात. एकरेघी वहीचा कागद. खांबांवर रंगवलेले नंबर त्या स्वतः बॅटरी मारून वाचून आल्या आणि ओळीने लिहिले. सहा नंबरचा खांब वाचताना दोघींचं भांडण झालं, सहा की नऊ म्हणून. परत जाऊन बघून आल्या. खाली आठ सह्या. जिचं मंगळसूत्र गेलं तिचीही, कोपराला पट्टी असताना.

आम्ही तो द्यायला गेलो. टेबलामागच्या माणसाने आक्काकडे एकदा बघितलं आणि कागद न वाचताच शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं. आक्काने ते परत सरकवलं. "सही केलीया खाली," म्हणाली. मग त्याने कागद उचलला, आणि वाचून हसला. "रस्त्यावरचे दिवे बद आहेत. बद म्हणजे काय हो, आजी?" अनुस्वार राहिला होता. एवढ्या नऊ खांबांच्या यादीत त्याला तो टिंब दिसला! पुढे म्हणतो, "हे कुणाकडून तरी टाईप करून आणा, असं चालत नाही."

चालतं. हाताने लिहिलेला मराठी अर्ज चालतो, मी रोज दुकानात शंभर बघते. मी आवाज चढवला तेव्हा पोच दिली, शिक्का उलटा मारून. एक टिंब राहिला म्हणून त्या बाईला भर कचेरीत हसता, आणि तुमचे नऊ दिवे राहिलेत त्याचं काय? तिने बासष्टीनंतर अक्षर गिरवलंय, तुम्हाला पगार किती वर्षं मिळतोय? परीक्षेच्या दिवशी याच कचेरीतल्या साहेबांनी तिला गुलाब दिला होता, फोटो त्यांच्या फेसबुकावर आहे, खाली 'साक्षर महिला, सक्षम शहर'. बाई साक्षर झाली हे फोटोत छान दिसतं. तिने लिहिलेला कागद टेबलावर आला की मात्र टाईप करून आणा!

घरी येताना आक्का गप्प होती. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाली, "टिंबाचं उद्या परत शिकवा."

तोच अर्ज मी फोटो काढून सरकारच्या तक्रारीच्या पोर्टलवरही टाकलाय, त्या टिंबाशिवाय, आहे तसा. 21 दिवसांत निराकरण, असं उत्तर आलंय. मी कॅलेंडरवर मोजलं. एकविसावा दिवस येत्या शनिवारी भरतोय. शनिवारी त्यांना सुट्टी असते. आमचा वर्ग असतो.