एफ्राईम तोच, तक्रार तीच

मंडळीत भांडण झालं की आपण कोण काय बोललं एवढंच उकरत बसतो. आधी तो असं म्हणाला, मग ती तसं म्हणाली, मग पंचांपैकी कुणीतरी आवाज चढवला. शब्दांचा पंचनामा होतो, मनाचा होत नाही. म्हणून बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातले दोन उतारे लागोपाठ वाचा: अध्याय 8 ची पहिली 3 वचनं आणि अध्याय 12 ची पहिली 6.

इस्राएलातला वंश तोच, एफ्राईम. तक्रारही तीच: लढाईला गेलात तेव्हा आम्हाला का बोलावलं नाही? पहिल्यांदा समोर मिद्यान्यांना हरवणारा गिदोन होता, बऱ्याच वर्षांनी अम्मोन्यांना हरवणारा गिलादचा इफ्ताह. पहिलं भांडण एका उत्तरात मिटलं. दुसऱ्यात एफ्राईमाची 42,000 माणसं मेली, आणि तीही भावकीच्याच हातून.

आधी एफ्राईमाचं मन बघा. याकोबाने नातवांना आशीर्वाद देताना थोरल्या मनश्शेला मागे ठेवून या वंशाच्या मूळपुरुषाला, एफ्राईमला, पुढे केलं होतं (उत्पत्ती 48). यहोशवा त्यांच्यातलाच. पहिला मान आपला, हे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. इफ्ताह तर तोंडावर सांगतो की मी हाक मारली तेव्हा तुम्ही आला नाहीत. म्हणजे जोखीम नको, पण विजयात नाव हवं. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या (हा याकोब वेगळा) चौथ्या अध्यायाची पहिली दोन वचनं नेमकी हेच सांगतात: भांडणं बाहेरून येत नाहीत, आतल्या वासनांतून येतात; हवं असतं, मिळत नाही, म्हणून लढता. आपल्याकडे फक्त विषय बदलतात. पत्रिकेवर नाव खाली छापलं, नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना वगळलं, बस्स.

आता गिदोनाचं उत्तर. त्याच्याकडे चोख बचाव होता: एफ्राईमाला निरोप पाठवून नदीचे उतार धरायला त्यानेच सांगितलं होतं. तो ते उगाळत नाही. तुमच्यापुढे मी काय केलं, असं विचारतो आणि त्यांनी खरोखर केलेलं एक काम नाव घेऊन सांगतो: ओरेब आणि जेब हे मिद्यानी सरदार तुमच्याच हाती लागले. वर शेतकऱ्याच्या भाषेत म्हणतो की एफ्राईमाचा सरवा आमच्या अबीएजेर कुळाच्या द्राक्षांच्या हंगामापेक्षा सरस. सरवा म्हणजे तोडणी झाल्यावर वेलीवर उरलेले घड. ही खुशामत नव्हे, कारण सरदार त्यांनी खरंच धरले होते. आपण मात्र समजूत घालताना ‘तुम्ही तर आमचे मोठे’ असलं गुळमुळीत काहीतरी बोलतो आणि ते समोरच्याला लगेच कळतं.

इफ्ताहाचं उत्तर वाचताना ‘मी’ आणि ‘माझा’ मोजा. मी झगडत होतो, मी बोलावलं, मी जीव मुठीत घेऊन गेलो. सगळं खरं असेलही. पण खरं बोलणं आणि भांडण मिटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एफ्राईमानेही तुझं घर तुझ्यासकट जाळू अशीच सुरुवात केली होती आणि नंतर इफ्ताहाच्या गिलादकरांना पळपुटे म्हणून हिणवलं. ज्याला वेश्येचा मुलगा म्हणून सावत्र भावांनी घरातून हाकलून दिलं होतं, त्याच्या माणसांना पळपुटे म्हणणं म्हणजे नेमकं दुखऱ्या जागी बोट घालणं. पुढचं असं: गिलादकरांनी यार्देन नदीचे उतार धरले आणि पळणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावलं; एफ्राईमी माणसाला ‘श’ जमेना, ‘सिब्बोलेथ’ निघालं की मान गेली.

मला जास्त खटकतं ते अध्याय 11 मधलं. अम्मोनी राजा परका, उघड शत्रू. त्याच्याकडे हाच इफ्ताह दोनदा दूत पाठवतो, 300 वर्षांचा इतिहास शांतपणे मांडतो. स्वतःच्या भावकीसाठी एकही दूत नाही. ऑफिसात साहेबाला पाठवायचं पत्र तीनदा वाचणारे आपण, आणि घरातल्यांना तोंडाला येईल ते.

पण गिदोनाला लगेच मखरात बसवू नका. त्याच आठव्या अध्यायात सुक्कोथच्या लोकांनी त्याच्या दमलेल्या 300 माणसांना भाकर नाकारली, टोमणा मारला. तिथे मृदू उत्तर नाही. परत येऊन त्याने तिथल्या वडिलांना काट्यांनी झोडपलं. तसंच उत्तर देणाऱ्या पनुएल गावाचा बुरूज पाडला, माणसं मारली. एफ्राईम बलाढ्य होता, सुक्कोथ लहान गाव. गोड जीभ धोरण म्हणूनही वापरता येते. ट्रस्टींशी अदबीने बोलणारा माणूस चर्चच्या शिपायाशी कसा बोलतो, यावरून त्याचं मन कळतं. अंतःकरणात भरलेलं तोंडातून बाहेर येतं, हे प्रभूचं वचन (लूक 6:45) इथे लागू होतं. म्हणून नुसतं बोलण्याचं वळण शिकवून भागत नाही, मन नवं व्हावं लागतं. प्रभूने निंदेला उलट निंदा केली नाही, याचं कारण पेत्र देतो: त्याने स्वतःला नीतीने न्याय करणाऱ्याच्या हाती सोपवलं होतं (1 पेत्र 2:23). हिशेब देवाकडे दिलेला असला की प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायची निकड उरत नाही.

राहिला व्यवहार. मत्तय 18:15-17 प्रमाणे आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपण उलट्या टोकाने सुरू करतो: आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग पाळक, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला शेवटी कळतं. सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे प्रार्थनेची विनंती. ‘अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, जरा बरं नाही चाललंय.’ आमेन म्हणून होईपर्यंत चार घरांत बातमी. नीतिसूत्रे 26:20 म्हणतं की सर्पण नसलं की आग विझते. हे सर्पणच आहे, फक्त वर पवित्र कापड घातलेलं.

माफीतला ‘जर’ काढा. तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा, यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. उधळ्या मुलाच्या वाक्यात (लूक 15:21) ‘जर’ नाही. मी पाप केलं, एवढंच. आणि ‘गंमत केली हो’ ही पळवाटसुद्धा नीतिसूत्रे 26:19 ने बंद केली आहे. सूर्य रागावर मावळू नये (इफिस 4:26) याचा अर्थ रात्री साडेअकराला लांबलचक मेसेज टाकून वाद निकाली काढा असा घेऊ नका. मावळतीआधी राग देवापुढे ठेवा. बोलणं सकाळी, समोरासमोर.

पुढच्या वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी हीच दोन वाचनं ठेवून बघा. नावं अवघड आहेत, वाचणाऱ्याला शनिवारीच सांगून ठेवा. ‘शिब्बोलेथ’ला अडखळला तर मागच्या बाकावरून हसू नका.