उंदराचं कोलेस्टेरॉल आणि आपला दोन चमचे कोंडा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. "उंदरांवर सिद्ध झालंय! रोज दोन चमचे गव्हाचा कोंडा खा, कोलेस्टेरॉल निम्म्यावर येईल, गोळी सुटेल. कुठल्याही धान्याचा चोथा चालतो. पोटही साफ!" सासूबाईंनी तो वाचून चाळणीतला कोंडा डब्यात साठवायला घेतला, म्हणून हे लिहिणं आलं.

"उंदरांवर सिद्ध झालंय." प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचं (इंग्रजीत रॅट) कोलेस्टेरॉल मुळात सहजी चढत नाही. म्हणून अशा प्रयोगांत बहुधा त्याच्या खाद्यात टक्काभर शुद्ध कोलेस्टेरॉल आणि जोडीला थोडं कोलिक आम्ल (पित्तातलं एक आम्ल) मिसळतात. आधी चढवायचं, मग उतरवून बघायचं. त्यात त्याच्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल एचडीएलमधून (ज्याला 'चांगलं' म्हणतात) फिरतं, आपलं एलडीएलमधून (ज्याला 'वाईट' म्हणतात). त्याला पित्ताशयही नाही. हॅमस्टर या बाबतीत आपल्याला जरा जवळचा. प्रयोग खोटे नाहीत, पण त्यातून कारण समजून घ्यायचं असतं. टक्केवारी उचलून स्वतःला लावायची नसते.

"कुठल्याही धान्याचा चोथा चालतो." हे मात्र त्याच उंदरांनी खोडून काढलंय. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित खाद्यात एरवीही ५ टक्के सेल्युलोज (पाण्यात न विरघळणारा चोथा) असतं, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले उंदीरही चोथा खातच असतात! चोथ्याने सरसकट काम झालं असतं तर दोन गटांत फरक दिसलाच नसता. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात जेम्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास ओटचा कोंडा दिलेल्या उंदरांचं कोलेस्टेरॉल सेल्युलोजवाल्यांपेक्षा कमी भरल्याचं दाखवलं.

फरक घरच्या गॅसवर दिसतो. एका पातेल्यात चमचाभर ओट्स उकळा, दुसऱ्यात चमचाभर गव्हाचा कोंडा. ओट्सचं पाणी बुळबुळीत होतं, चमच्याला तार धरतं. कोंडा तळाशी बसतो आणि वरचं पाणी पाण्यासारखंच राहतं. ती बुळबुळ म्हणजे बीटा-ग्लुकन; जवातही ते भरपूर असतं. आतड्यात ते पित्ताम्लांना (पित्तातल्या, चरबी पचवायला मदत करणाऱ्या आम्लांना) अडकवून बाहेर नेतं. तूट भरायला यकृताला नवी पित्ताम्लं करावी लागतात, आणि त्यांचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. गव्हाच्या कोंड्यात ही बुळबुळ नगण्य.

ज्वारीवाल्यांनीही लगेच हुरळू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १०.२ ग्रॅम तंतू (म्हणजे चोथा) आहेत, गव्हाच्या कणकेत ११.४. म्हणजे ज्वारीत चोथा गव्हाहून जास्त नाही. भाकरी आवडते म्हणून खावी, मीही खाते.

"निम्म्यावर येईल." १९६३ साली नेदरलँड्समध्ये माणसांना रोज १४० ग्रॅम ओट्स घातलेला पाव तीन आठवडे दिला, तेव्हा कोलेस्टेरॉल सुमारे ११ टक्के उतरलं. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्यांनी (स्टॅटिन) ३० ते ५०. गोळी सोडायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नाही.

आता दोन चमचे. खाद्यात १० टक्के तंतू घातलेल्या उंदराशी बरोबरी करायची, तर दिवसाला ५०० ग्रॅम कोरडं अन्न खाणाऱ्या माणसाला ५० ग्रॅम तंतू हवेत. दोन मोठे चमचे कोंड्यात जेमतेम तीन.

"पोटही साफ." इथे मेसेजचं बरोबर आहे, आणि कोंड्याचं खरं काम हेच. तो फारसा आंबत नाही, पाणी धरून मळाचं आकारमान वाढवतो. यासाठी मात्र उंदीर नीट साक्षीदार नाही: तो स्वतःच्या लेंड्या पुन्हा खातो, त्यामुळे एकच घास दोनदा आतड्यातून जातो. एक बारकावा: जाडसर कोंडा बारीक दळलेल्यापेक्षा जास्त कामाचा. सासूबाईंचा चाळणीतला कोंडा त्या हिशेबाने उत्तम. फक्त त्या तो कोरडाच तोंडात टाकून वर घोटभर चहा घेतात. त्याच्यासोबत दोन भांडी पाणी प्या म्हटलं तर म्हणाल्या, मेसेजमध्ये तसं नव्हतं.