उडणाऱ्या कॅरेक्टरला टेबलावर जागा का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि थोडी चिडलेलीही आहे. पण तिच्यात दम आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून भूमिका वठवायच्या खेळाच्या ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये, म्हणजे अनोळखी लोकांसोबत टेबलं बदलत एकाच नियमांनी खेळायच्या संघटित खेळात, रेसची (कॅरेक्टर माणूस, एल्फ की आणखी कोणी याची) यादी आखूडच असावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खेळ जन्माला आला तेव्हा कोणालाही काहीही होऊन खेळायची मुभा होती, ती नियमवाल्यांनी हिरावून घेतली. ‘बॅलन्स’ हे निव्वळ निमित्त आहे, कारण पाचव्या आवृत्तीत सगळ्यात ताकदवान रेस तर साधा माणूसच. आणि डीएम (खेळ चालवणारा) मुरलेला असेल तर त्याला आराकोक्रा (पंख असलेला पक्षीमानव) काय नि युआन-टी (सर्पमानव) काय, कोणीही जड जात नाही.

बॅलन्सचं आधी मिटवून टाकू, कारण तिथे आपलं भांडणच नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत व्हेरिएंट ह्यूमनला (माणसाच्या पर्यायी रूपाला) पहिल्याच लेव्हलला फीट, म्हणजे एक खास कौशल्य, मिळतं आणि त्या एका फीटवर कॅरेक्टरची अख्खी बिल्ड उभी राहते. ताकद हाच निकष लावायचा तर आधी माणसालाच दाराबाहेर ठेवावं लागेल. पण मी ताकदीबद्दल बोलतच नव्हतो.

आता ती जुनी मुभा. १९७४च्या पहिल्या पुस्तिकांमध्ये तसं लिहिलंय खरं: खेळाडूला जवळपास काहीही होता येईल, ड्रॅगनसुद्धा, फक्त सुरुवात कमजोर हवी, म्हणजे ड्रॅगन असेल तर तो कोवळा. पण त्याच पुस्तिकांत बुटका (ड्वार्फ) योद्धा सहाव्या लेव्हलच्या वर जाऊ शकत नाही आणि हॉबिट तर चौथ्यालाच अडकतो, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. (लेव्हलवरची ही मर्यादा मला कधीच पटली नाही. आत घ्यायचं आणि वर्षभराने म्हणायचं, बस आता, तू इथेच थांब. त्यापेक्षा दारातच नाही म्हणणं बरं. तिसऱ्या आवृत्तीने २००० साली ती काढून टाकली ते उत्तमच झालं.) खरा मुद्दा असा की ती मुभा एका रेफरीच्या, म्हणजे त्या टेबलाच्या डीएमच्या, हातात होती. कोवळा ड्रॅगन ज्याने मंजूर केला, पुढच्या आठवड्यात त्यालाच तो निस्तरायचा होता.

ऑर्गनाइज्ड प्लेमध्ये नेमकी हीच साखळी तुटते. कॅरेक्टर तुमच्यासोबत टेबल बदलतं. मी लाडात येऊन एखादी रेस चालवून घेतली, तर त्याचा निस्तार पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुठल्या डीएमला करावा लागतो. त्याने तुम्हाला पूर्वी कधी पाहिलेलं नसतं आणि समोर चार तासांचा स्लॉट असतो. त्याला नाही म्हणायची सोय नसते, म्हणून त्याच्या वतीने यादी नाही म्हणते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तुमच्या आराकोक्रा मंकचंच (हातापायांनी लढणाऱ्या संन्याशाचंच) उदाहरण घेऊ. २०१५ साली ही रेस आली, उडण्याचा वेग ५० फूट, तोही पहिल्या लेव्हलपासून. त्या काळात अ‍ॅडव्हेंचरर्स लीगने, म्हणजे या खेळाच्या अधिकृत ऑर्गनाइज्ड प्लेने, पहिल्या लेव्हलला उडणाऱ्या रेस सरसकट बंद ठेवल्या. आता पहिल्या लेव्हलच्या कुठल्याही साहसात शोभेल अशी एक दरी डोळ्यांसमोर आणा: चाळीस फूट रुंद, पूल तुटलेला, पलीकडे दोन गॉब्लिन. धावत येऊन लांब उडी मारली तरी जितका स्ट्रेंग्थ स्कोअर (ताकदीचा आकडा, कमाल वीस) तितकेच फूट, म्हणजे वीसच्या पुढे कोणी जात नाही. पोतडीत पन्नास फुटी दोर असतो. तो पलीकडे अडकवायचा कसा, आधी कोण जाणार, चिलखतवाल्याचं काय करायचं, यावर पाच जणांनी डोकं लढवावं म्हणून लेखकाने ती दरी तिथे ठेवलेली असते. तुमचा मंक आपल्या पाळीला पंख पसरतो आणि पलीकडे उतरतो. दहा फूट उरतातही. बाकीचे चौघं फासे हातात धरून बघत बसतात.

‘डीएमने गॉब्लिनच्या हाती धनुष्य द्यावं,’ असं तुम्ही सुचवलंय. द्यायची गरजच नाही, पाचव्या आवृत्तीच्या गॉब्लिनकडे ते असतंच, ऐंशी फुटांपर्यंत नीट मारा करतं. मग काय होतं तेही बघा. पहिल्या लेव्हलच्या मंकला नऊ-दहा हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण). एका बाणाचं सरासरी नुकसान साडेपाच. दोन बाण लागले की मंक हवेतच बेशुद्ध. दरी तेवढीच खोल धरली तर तिथून चाळीस फूट खाली, म्हणजे चार डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) इतकं नुकसान, सरासरी चौदा. शून्यावर असताना एका फटक्यात कमाल हिट पॉइंटइतकं नुकसान झालं की डेथ सेव्हसुद्धा (जगण्यासाठी फासे टाकायची संधी) नाहीत, कॅरेक्टर जागच्या जागी खलास. म्हणजे तुमच्याच उपायाने तुमचंच कॅरेक्टर पहिल्या तासात मेलं, आणि अनोळखी डीएमने मुद्दाम मारलं असं तुम्हाला आयुष्यभर वाटत राहणार. घरच्या गेममध्ये डीएम दरीत सोसाट्याचा वारा सोडेल, नाहीतर पुढच्या सत्रात मुद्दाम उडणाऱ्यालाच शोभेल असं काहीतरी रचेल. छापील साहस चालवणाऱ्याच्या हाताशी तेवढा वाव नसतो. पाथफाइंडर सोसायटीच्या (पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या ऑर्गनाइज्ड प्लेच्या) पहिल्या आवृत्तीत तर डीएमने साहस लिहिलंय तसंच चालवावं, असाच दंडक होता.

युआन-टीबद्दल फार लिहीत नाही. २०१६च्या मूळ नियमांत त्याच्यावर विषाचा परिणाम नाही, जादूविरुद्ध सेव्हला (बचावासाठी फासा टाकताना) अ‍ॅडव्हान्टेज. साहसातलं विषारी मद्य आणि लेखकाची निम्मी मेहनत तिथेच वाया.

ड्राउचा (भूगर्भात राहणाऱ्या, बदनाम एल्फचा) प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. नियमांच्या दृष्टीने त्याच्यात भिण्यासारखं काही नाही. पण ड्राउ गावात शिरला की सरायवाल्याने दार लावून घ्यायचं की नाही? लावलं तर एका खेळाडूची सुंदर कथा सुरू होते आणि उरलेल्यांचा पाऊण तास जातो. नाही लावलं तर ड्राउ म्हणजे नुसता काळ्या कातडीचा एल्फ, मग तो घेतलाच कशाला? घरी मी बेलाशक दार लावून घेईन आणि त्यावर तीन सत्रं चालवीन. अनोळखी टेबलावर बहुतेक डीएम दार उघडंच ठेवतात, आणि ड्राउ निवडणाऱ्याचाच विरस होतो. तरीही ड्राउ पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात पहिल्यापासून आहे, त्याला बंद करा असं मी म्हणणार नाही.

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी शंभर टक्के सहमत आहे: दुर्मिळ रेस बक्षीस म्हणून वाटणं चुकीचं. पाथफाइंडर सोसायटीत वर्षानुवर्षं कन्व्हेन्शनला हजेरी लावणाऱ्यांना रेस बूनची (दुर्मिळ रेस खेळायच्या परवान्याची) प्रमाणपत्रं मिळायची. म्हणजे ज्याला प्रवास परवडतो त्यालाच वेगळं कॅरेक्टर. यात साहसाच्या लेखकाची कसलीच सोय नाही, टेबलावरच्या नवख्याचीही नाही. जी रेस टेबलाला पेलत नाही ती प्रमाणपत्र दाखवल्यानेही पेलत नाही, आणि पेलत असेल तर ती सगळ्यांनाच द्या. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी खेळून गुण साठवायचे आणि त्यावर अँसेस्ट्री (रेसचं तिथलं नवं नाव) उघडायची, अशी पद्धत आणली. ती कितीतरी बरी, कारण तोवर त्या खेळाडूने चार टेबलं पाहिलेली असतात आणि इतरांचा वेळ म्हणजे काय हे त्याला कळलेलं असतं.

यादी हलती ठेवायलाही माझी ना नाही. त्याच सोसायटीत आसिमार (देवांश असलेले) आणि टीफलिंग (सैतानी रक्ताचे) काही काळ खुले होते, २०१४ मध्ये पुन्हा बंद झाले, पण मुदतीआधी खेळलेली कॅरेक्टर्स चालू राहिली. आता मुदत जाहीर झाली की लोक कसे धडाधड कॅरेक्टर्स बनवून ठेवतात ते सांगायला नको. पण कोणाच्या हातातलं कॅरेक्टर हिसकावलं गेलं नाही, हे महत्त्वाचं.

उडणाऱ्या रेसपुरतं म्हणाल, तर मी त्या कायमच्या बंद ठेवणार नाही. पंख पहिल्यापासून असू देत, उडता पाचव्या लेव्हलपासून यावं. त्या लेव्हलला विझर्डला (जादूगाराला) फ्लाय, म्हणजे उडण्याचा, स्पेल मिळतो, त्यामुळे तिथून पुढची साहसं लिहिणारा आकाशही हिशेबात धरतोच. पहिल्या चार लेव्हलला हवं तर पडताना पंख पसरून हळू उतरता येण्याइतकी मुभा द्या. हे कुठल्या मोहिमेत कोणी करून पाहिलं असेल तर जरूर कळवा, आणि तुम्हाला ही तडजोडही अपमानास्पद वाटत असेल तर का, तेही लिहा.