सरकी बंद, सोया दुप्पट? हा हिशोब कोंबडीचा, मेंढीचा नव्हे

मेंढीपालनाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: सोया पेंडीत 45 टक्के प्रोटीन, सरकी पेंडीत जेमतेम 22. म्हणून सरकी बंद करा, सोया दुप्पट करा. पेंड मिळाली नाही तर घरचं कच्चं सोयाबीन भरडून घाला. कडबा नुसता पोट भरतो. आणि युरिया म्हणजे विष.

आकडे साधारण बरोबर आहेत. पण पोत्यावरचा टक्का म्हणजे नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणलेलं उत्तर. त्यातलं किती मेंढीच्या अंगी लागेल, हे तो सांगत नाही. कारण मेंढीत पेंडीवर पहिला हात मारतात ते कोठीपोटातले (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू; कोंबडीला असं कोठीपोट नसतं. ते प्रथिनं फोडून अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःची वाढ करतात. पुढे हेच जिवाणू आतड्यात जाऊन पचतात. मेंढीला मिळणाऱ्या प्रथिनांत निम्म्याहून जास्त वाटा बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

म्हणून पेंड किती लवकर फुटते, हे बघायचं. शेंगदाणा पेंड भराभर फुटते, सोया तिच्या मागोमाग. सरकी सावकाश, तिचा बराच भाग न फुटता थेट पुढे सरकतो. भराभर सुटलेला अमोनिया वापरायला जिवाणूंना त्याच वेळी ऊर्जा लागते, म्हणजे मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, थोडी मळी. ती नसली की अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया बनवतं (त्यातही ऊर्जा खर्च होते) आणि थोडाफार लाळेतून कोठीपोटात परतला तरी बाकीचा मुतावाटे बाहेर. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसवलीत, त्याची मात्र चांदी!

सोया वाईट आहे असं नाही. वाढत्या कोकरांना ती उत्तमच. आणि रवंथ नीट सुरू न झालेल्या कोकरांना सरकी देऊच नये, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना बाधतं. मोठ्या मेंढीचं कोठीपोट ते बऱ्यापैकी निभावून नेतं. पण दुप्पट करायचा सल्ला एका रात्रीत अमलात आणू नका. खुराक अचानक वाढला की आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषामुळे होणारा रोग) होतो, आणि त्यात सगळ्यात तरतरीत कोकरूच आधी जातं. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा आणि पावसाळ्यापूर्वीची त्याची लस चुकवू नका.

कडब्याबद्दलचं वाक्य तर उलटंच आहे. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं 3-4 टक्के. एकूण आहारात ती साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की तंतू फोडणारे जिवाणूच उपाशी राहतात. कडबा पोटात पडून राहतो, मेंढी वैरणीला तोंड लावत नाही, लेंड्या कडक पडतात. अशा वेळी मूठभर पेंड घातली तर कडब्याचं पचन सुधारतं आणि मेंढी तोच कडबा जास्त खाते. पेंडीची खरी कमाई इथे आहे. जिवाणूंची गरज भागली की पुढच्या मुठीला तेवढं मोल राहत नाही.

राहिला युरिया. मात्रा चुकली तर तो विषच: तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, आणि हातात वेळ फार थोडा. पण एकूण कोरड्या आहाराच्या 1 टक्क्याच्या आत, मळी-भरड्यात नीट कालवून, सवय लावत दिला तर मोठ्या मेंढीतले जिवाणू त्याचंही प्रथिन करतात. कोकरांना नको, उपाशी जनावराला नको, पिण्याच्या पाण्यात तर कधीच नको. आणि कच्चं सोयाबीन चालू असेल तर युरिया अजिबात नको: कच्च्या दाण्यात युरिएज नावाचं विकर असतं, ते युरियाचा झटक्यात अमोनिया करतं. मेसेजमध्ये युरियाला विष म्हटलंय आणि कच्चं सोयाबीन घालायलाही सांगितलंय, पण ही जोडी एकत्र किती घातक ठरते, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.