बुरशीच्या आधी ताण बघा

‘कायट्रिड बुरशीनेच बेडूक संपवले’ हे बेडकांवरच्या लेखातलं विधान अपुरं वाटलं. बेडकांच्या कातडीवर वाढणारी ही बुरशी घातक आहेच. तिच्यामुळे कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. पण तिच्याशी लढायची ताकद कशाने घटते, ते लेखात कुठेच नाही. ताण आला की बेडकात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं. थोडा वेळ वाढलं तर जीव वाचवतं, दीर्घकाळ चढं राहिलं तर प्रतिकारशक्ती दाबून टाकतं.

आमच्या खानापूर भागात पावसाने ओढ दिली की भातखाचरं आटतात. मग याच संप्रेरकाच्या जोरावर बेडूकमासे घाईघाईने पाय फुटून बाहेर पडतात, लहानपणापासून बघतोय. पण ती पिल्लं अगदी नखाएवढी असतात हो! आणि हल्ली त्याच खाचरात तणनाशकही मारलेलं असतं, म्हणजे ताणात भरच.